इश्यू आणणाऱ्या टूलचं वर्णन लिहिताना

अंबडच्या ऑफिसात तुला एआय एजंटसाठी पहिलंच टूल, म्हणजे त्याने वापरायचं छोटं फंक्शन, लिहायला मिळालंय. ते गिटहबवरचे इश्यू, म्हणजे प्रोजेक्टवर नोंदवलेले बग आणि कामं, आणणार आहे. तर वर्णनात नुसतं 'इश्यू आणतो' लिहून सोडू नकोस. एजंटला तुझा कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला द्यायची माहिती), एवढ्यावरच तो काय वापरायचं ते ठरवतो.

हे टूल कधी वापरायचं नाही, तेही लिही. इश्यूचा नंबर माहीत असेल तर दुसरं टूल आहे, हे स्पष्ट सांग. मग डिफॉल्ट उघड कर. गिटहबची यादी, काही सांगितलं नाही तर, फक्त ओपन इश्यू देते. एका पानावर 30, जास्तीत जास्त 100. त्यात पुल रिक्वेस्टही (कोडमधला बदल सामावून घेण्याच्या विनंत्या) मिसळलेल्या असतात! हे लिहिलं नाहीस तर पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदाराने 'किती बग बाकी आहेत?' विचारल्यावर एजंट ठामपणे 30 सांगेल, आणि तो माणूस त्यावर विश्वास ठेवेल. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

'सिन्स' (since) या पॅरामीटरमधली तारीख इश्यू उघडल्याची नसते, शेवटच्या बदलाची असते. तिथे एक नमुना तारीख जरूर दे.

नंतर टीमचे खरे प्रश्न विचारून बघ. एजंटने चुकीचं टूल उचललं, तर कोडला हात लावण्याआधी वर्णन पुन्हा वाच.