आपला प्रश्न : कॅथलॅब हवी, पण रात्रपाळीचा पगार कोणी द्यायचा?

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातले आंबा बागायतदार. ऐन हंगामात एका रात्री वडिलांच्या छातीत दुखू लागलं. जवळच्या सरकारी रुग्णालयात ईसीजी काढायला माणूस नव्हता. गाडी करून गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेलं, वडील वाचले. आम्ही कर भरतो, मग तालुक्याला कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या अडलेल्या रक्तवाहिन्या उघडण्याची सोय, का नाही? घरपट्टी थोडी वाढवून ती रक्कम उपकेंद्रासाठी वापरावी, अशी सूचना ग्रामसभेत आली होती. आम्ही ती फेटाळली. आरोग्य ही सरकारची जबाबदारी ना? – एक बागायतदार

उत्तर : वडील सुखरूप आहेत हे वाचून हायसं वाटलं. जबाबदारी सरकारचीच, यात दुमत नाही. सूचना फेटाळलीत ते मात्र मला पटलं नाही.

आधी कॅथलॅबचं. यंत्र विकत घेता येतं. ते चालवायला हृदयरोगतज्ज्ञ, तंत्रज्ञ, परिचारिका रात्रंदिवस लागतात, आणि त्यांचा हात चालता राहील एवढे रुग्णही. २०११च्या जनगणनेत देवगड तालुक्यात सव्वा लाखाच्या आत माणसं होती आणि सबंध सिंधुदुर्गात साडेआठ लाखांच्या आत. २००१ पेक्षाही कमी. तरुण मुंबईला, म्हातारी माणसं घरात. जिल्ह्याला एक कॅथलॅब चोवीस तास चालली तरी खूप झालं. तुमच्या वडिलांना त्या रात्री आधी हवा होता ईसीजी, तो वाचणारा डॉक्टर आणि गरज दिसली तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. कॅथलॅबमधली अँजिओप्लास्टी दोन तासांत होणार नसेल, तर दुसरी अडचण नसलेल्या रुग्णाला हे इंजेक्शन आधी देतात. देवगडहून बांबोळी दोन तासांत गाठता येत नाही.

म्हणजे कमी पडला तो रात्रपाळीचा माणूस. आणि त्याच्यासाठी पैसे मिळवणं सगळ्यात कठीण. आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून इमारत होते, रुग्णवाहिका येते. पगार, डिझेल, ईसीजीचा कागद त्यातून भागत नाही. आपणही निवेदन देताना इमारत आणि यंत्रच मागतो.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. कातळावर फुरसं चावलेला माणूस आला की पहिल्याच डोसला सर्पदंशाच्या लशीच्या आठ-दहा कुप्या लागायच्या. त्या कपाटात असायलाच हव्यात, ही लोकांची अपेक्षा रास्तच. पण एखाद्या वर्षी दंश कमी होतात, कुप्यांची मुदत संपते, त्या टाकाव्या लागतात, आणि मग हिशेब तपासणारा विचारतो की एवढ्या मागवल्याच कशाला? या प्रश्नाच्या धास्तीनं पुढच्या वर्षी कमी मागवणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. त्यांना मी दोष देत नाही. कोणी आजारी नसतानाही खर्च होत राहणार, हे गावानं आणि सरकारनं दोघांनी मान्य केलं तरच रात्री दोन वाजता कपाटात कुप्या सापडतील.

बांबोळीचंच घ्या. आपला अर्धा जिल्हा तिथं जातो. २०१८च्या जानेवारीपासून तिथं गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागलं, तेव्हा दोडामार्गात मोठं आंदोलन झालं. रुग्णांचे हाल मलाही बघवत नव्हते. पण त्या खाटांचा खर्च गोव्याच्या तिजोरीतून होतो, ही गोष्ट आपण आंदोलनातही बोलायला हवी होती.

सरकारला सोडा, असं मी म्हणत नाही. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. २०२१-२२मध्ये तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशातल्या आरोग्यावरच्या दर शंभर रुपयांतले एकोणचाळीस लोकांनी थेट खिशातून मोजले. म्हणजे कमी कर भरून वाचवलेले पैसे दवाखान्याच्या दारात जातातच, आणि तेही ऐन संकटात. आंब्याच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. जीएसटी मात्र तुमच्या बागेतला नेपाळी गडीसुद्धा सामान घेताना भरतो.

घरपट्टीतून हृदयरोगतज्ज्ञ येणार नाही. उपकेंद्राला पाणी, रात्रीचा दिवा, आरोग्यसेविकेच्या खोलीचं छप्पर एवढं होईल. तेवढं झालं तर सेविका गावात राहील. सूचना पुन्हा ग्रामसभेपुढे आणा. त्याच बैठकीत रात्रपाळीची रिक्त पदं भरण्याचा ठराव करून तो जिल्हा परिषदेला आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा.

प्रश्न : १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. थोडे पैसे घेतले तर लोक किंमत ठेवतील ना? – निवृत्त शिक्षिका, गुहागर

उत्तर : नाही. पावसात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, साथ असायची तेव्हा भात लावणाऱ्या बायका अंगावर ताप काढून येत. 'डॉक्टरीणबाय, दोन दिस वाट बघलंय, मगे इलंय.' लेप्टोत हे दोन दिवस फार महाग पडतात. वेळेत दिली तर डॉक्सिसायक्लिनची साधी गोळीही पुष्कळ काम करते. खिडकीवरच्या दहा रुपयांनी त्या आणखी एक दिवस थांबल्या असत्या. गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी त्या मोजतच होत्या. ज्यांची ऐपत आहे त्यांनी रुग्ण कल्याण समितीला देणगी द्यावी, पावती घ्यावी, आणि वर्षअखेरीस हिशेब मागावा.