तोफा, ताल आणि सुरुवातीची बोलकी कार्टून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मिकी माउसच्या 'द बार्नयार्ड बॅटल' (1929) या कार्टूनवर जर्मनीत बंदी आली होती, असं वाचलं. लहान मुलांच्या करमणुकीत आक्षेप घेण्यासारखं काय होतं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मांजरांची शिरस्त्राणं. या कार्टूनमध्ये मांजरांचं सैन्य उंदरांवर चालून येतं. भरतीच्या वेळी मिकीची वैद्यकीय तपासणी होते आणि तो लढाईत उतरतो. मांजरांच्या डोक्यावर मात्र वर अणकुचीदार टोक असलेली जुनी जर्मन शिरस्त्राणं आहेत. त्यामुळे राष्ट्राच्या प्रतिष्ठेला धक्का बसतो, असं म्हणत जर्मन सेन्सॉरने 1930 मध्ये ते रोखलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पहिल्या महायुद्धावरच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या चित्रपटावरही तिथे बंदी आली; म्हणजे महायुद्धाची जखम किती ओली होती ते लक्षात येईल. (या चित्रपटाचं 'नॉट सो क्वाएट' हे विडंबन, ऑस्वल्ड या कार्टून सशाला घेऊन, वॉल्टर लँट्झच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओतून 1930 मध्येच आलं होतं.)

खरं तर जर्मन सैन्याने 1916 पासून टोक नसलेलं पोलादी शिरस्त्राण घ्यायला सुरुवात केली होती. तरीही चित्रकारांच्या दृष्टीने जुनंच सोयीचं. कृष्णधवल चित्रात गणवेशाचा रंग कामाला येत नाही, नुसत्या बाह्याकृतीवरून बाजू ओळखू यावी लागते.

प्रश्न : अशा युद्धाच्या कार्टूनमध्ये सैनिकांची पावलं आणि बंदुकीच्या गोळ्या संगीताच्या ठेक्यावर अचूक कशा पडतात? मी अ‍ॅनिमेशन शिकते आहे, तसा एक प्रसंग करून पाहायचा आहे. (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : ठेका आधी ठरतो, चित्रं नंतर. 1928 मध्ये मिकीचं 'स्टीमबोट विली' करताना डिस्नीच्या विल्फ्रेड जॅक्सनने मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) लावून फ्रेम (फितीवरचं एकेक चित्र) आणि ठोके यांचा हिशोब बसवला, तीच ही रीत.

बोलपटाचा वेग सेकंदाला 24 फ्रेम. एका ठोक्याला 12 फ्रेम दिल्या की मिनिटाला 120 ठोके होतात आणि कवायतीच्या चालीला हा वेग चपखल बसतो. प्रत्येक ड्रॉइंग दोन फ्रेम ठेवलं, तर एका पावलाला सहा आणि दोन्ही पायांच्या एका फेरीला बारा ड्रॉइंग लागतात. तीच फेरी हवी तितकी वेळ फिरवा. पलटण हवी असेल तर एकच सैनिक काढून त्याच सेलवर (चित्र उतरवायच्या पारदर्शक पट्टीवर) ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा ट्रेस करा. युद्धाचे प्रसंग स्टुडिओला परवडायचे त्याचं मोठं कारण हेच.

बिघडतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. बारावं ड्रॉइंग हुबेहूब पहिल्यासारखं काढलं, तर प्रत्येक फेरीत पाऊल अडखळतं. बाराव्यानंतर पहिलं येणारच आहे, म्हणून बारावं त्याच्या किंचित आधीच्या स्थितीचं हवं. दुसरं म्हणजे पाय घसरल्यासारखे दिसणं. जमिनीवर टेकलेला पाय दर ड्रॉइंगला जितका मागे जातो, पार्श्वभूमीही तितकीच आणि त्याच क्षणी सरकली पाहिजे. ड्रॉइंग दोन-दोन फ्रेमचं आणि पार्श्वभूमी मात्र दर फ्रेमला सरकते आहे, असं झालं की टाच थरथरते.

मशीनगनसाठी एका ठोक्यात चार गोळ्या बसवा. म्हणजे दर तीन फ्रेमला एक : एक फ्रेम ज्वाळा, दोन फ्रेम रिकाम्या. इथे 'दोन-दोन'ची सवय सोडावीच लागेल. ठोका 10 फ्रेमचा घेतलात तर चार समान भाग पडत नाहीत आणि गोळीबार लंगडतो. 8, 12, 16 हे आकडे धरून चाला. आणि स्फोट दिसेल तो आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवा. दोन्ही एकाच फ्रेमवर ठेवल्यास चित्र उशिरा आल्यासारखं वाटतं.

प्रश्न : 'बॉस्को द डोबॉय' (1931) हे पहिल्या महायुद्धावरचं कार्टून पाहिलं. खंदकातल्या मरणावर हसायला लावणं क्रूर नाही का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : प्रश्न रास्त आहे. ह्यू हार्मनच्या या कार्टूनमध्ये मशीनगन थेट प्रेक्षकांकडे वळून गोळ्या झाडते, तेव्हा क्षणभर हसू येत नाही. विनोद टिकतो तो शरीरामुळे. तिथल्या आकृत्यांना हाडं नाहीत, सांधे नाहीत; हात-पाय रबरी नळीसारखे. गोळा गिळलेल्या हिप्पोच्या पोटाला झिप असते आणि कार्टूनचा नायक बॉस्को ती सरळ उघडतो. अशा शरीराला इजा होते, पण वेदना दिसत नाही. मात्र स्फोटाने काळवंडलेल्या बॉस्कोचा शेवटचा विनोद कृष्णवर्णीयांच्या थट्टेवर उभा आहे. तो तेव्हाही हीनच होता, त्याचं समर्थन करता येणार नाही.

पण हार्मनला तिथेच थांबलेला समजू नका. 1939 च्या डिसेंबरमध्ये, दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओसाठी त्याने 'पीस ऑन अर्थ' केला. म्हातारी खार नातवंडांना माणूस नावाच्या प्राण्याची गोष्ट सांगते : शेवटचे दोन सैनिक एकमेकांना मारतात आणि ती जात संपते. खारींची घरं सैनिकांच्या शिरस्त्राणांची आहेत. यातली माणसं वास्तव प्रमाणात रेखाटली आहेत, त्यांना हाडं आहेत, वजन आहे. म्हणून त्यांच्या मरणावर कुणी हसू शकत नाही. हे दोन लघुपट लागोपाठ पाहा, तुमच्या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या डीव्हीडीवर सात मिनिटांचं कार्टून 6 मिनिटं 43 सेकंदांतच संपतं. काही प्रसंग कापले असतील का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बहुधा नाही. डीव्हीडी पाल (PAL) या टीव्ही-पद्धतीची असावी. तिच्यात 24 ऐवजी सेकंदाला 25 फ्रेम चालतात, म्हणून 420 सेकंदांचे 403 होतात. संगीतही सुमारे चार टक्के जलद आणि किंचित वरच्या स्वरात ऐकू येतं. संगणकावर प्लेअरचा वेग 0.96 ठेवून पाहा. घड्याळावर मोजलेली वेळ सात मिनिटांवर आली तर कात्री लागलेली नाही. स्वरही उतरवायचा असेल तर प्लेअरमधली मूळ स्वर कायम ठेवण्याची सोय बंद करा.