गार्ड उतरवू नका आणि क्लेमही सोडू नका

भाऊ, नमस्कार.

आधी गॅरेजला फोन करा आणि सांगा, गाडीचा एकही बोल्ट सैल करायचा नाही. तो फोन झाला की मग पुढचं सावकाश वाचा.

इतर वाचकांसाठी तुमचं पत्र थोडक्यात सांगते. भाऊंची सावद्याजवळ केळीची बाग आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात त्यांनी डिझेल एसयूव्ही घेतली. पुढं हौसेनं समोर लोखंडी गार्ड लावला, त्यावर एलईडी लाइटबार चढवला आणि कंपनीची चाकं काढून मोठे अलॉय व रुंद टायर टाकले. यातलं काहीच विमा कंपनीला कळवलेलं नाही. तीन दिवसांपूर्वी रात्री बऱ्हाणपूरहून येताना, रावेर चार-पाच किलोमीटरवर असताना, केळीच्या बागेतून रोही (नीलगाय) आडवं आलं. माणसं सुखरूप आहेत, गाडीचं पुढचं तोंड मात्र गेलं. दुसऱ्याच दिवशी भाऊंनी कंपनीला फोन करून क्लेम नंबर घेतला, हे फार चांगलं केलं. गॅरेजचं एस्टिमेट १,८६,००० रुपयांचं आहे. गॅरेजवाला म्हणतो, नुकसान तपासायला कंपनीचा सर्व्हेअर यायच्या आत गार्ड, लाइट, चाकं उतरवून ठेवू, कोणाला कळतंय! मेहुणे म्हणतात, क्लेमच नको, बोनस जाईल आणि वर दंड बसेल, त्यापेक्षा वहिनींची पोत गहाण ठेवून गाडी करून घ्या. घरात दीड लाखाची एफडी आहे, पण ती लेकीच्या जूनमधल्या फीसाठी आहे. कोणाचं ऐकू, असा प्रश्न आहे.

दोघांचंही ऐकू नका. का ते सांगते.

गॅरेजवाल्याचा सल्ला सगळ्यात महागात पडणारा आहे. गार्ड चासीला बोल्टांनी धरलेला असतो. तो काढला तरी बोल्टांची भोकं, गंज न लागलेली जागा, धडकेत वाकलेले ब्रॅकेट हे सगळं तिथंच राहतं. लाइटबारची वायर बॅटरीपर्यंत गेलेली असते. सर्व्हेअरचं रोजचं कामच हे बघण्याचं आहे. माझ्याकडे पारोळ्याकडचे एक गृहस्थ आले होते. बाहेरून बसवलेला सीएनजी किट आरसी बुकावर चढवला नव्हता, म्हणून अपघातानंतर त्यांनी टाकी रातोरात उतरवली. बॉनेटखालचा पाइप आणि क्लॅम्प तसेच राहिले. कंपनीनं क्लेम पूर्ण नाकारला, आणि पत्रात कारण किटचं नव्हतं, खोटी माहिती दिल्याचं होतं. किट न कळवल्याबद्दल आम्ही भांडू शकलो असतो. खोटेपणाबद्दल भांडायला तोंडच उरलं नाही. तुमच्या बाबतीत मला हे होऊ द्यायचं नाही. शिवाय अपघाताच्या जागचे गार्डसकटचे फोटो तुम्ही स्वतःच चार जणांना पाठवलेत, असं तुम्हीच लिहिलंय.

आता मेहुण्यांचं. बोनस जाईल हे त्यांचं खरं आहे, पण किती जाईल हे त्यांनी मोजलेलं नाही. तुमच्या पॉलिसीत ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता १५,००० आहे आणि चार वर्षं क्लेम नसल्यानं त्यावर ४५ टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस लागलाय. क्लेम केला नाही, तर येत्या नोव्हेंबरात तो ५० टक्के होईल. केला, तर शून्यावर येईल आणि मग २०, २५, ३५, ४५, ५० अशी चढण पुन्हा चढावी लागेल. हप्ता तेवढाच राहील असं धरून फरक काढला, तर पहिल्या वर्षी ७,५००, मग ४,५००, ३,७५०, २,२५० आणि ७५० रुपये. बेरीज १८,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की साधारण २२,००० रुपये, आणि तेही पाच वर्षांत विभागून. कंपनीकडून मिळणारी रक्कम याच्या आसपास असती, तर मीही म्हणाले असते, सोडून द्या.

मिळेल किती? तुमच्या एस्टिमेटमधलं कंपनीचं सामान आणि बाहेरून लावलेलं सामान वेगळं केलं. गार्ड १४,०००, लाइटबार ६,००० आणि तुटलेला अलॉय टायरसकट १९,००० मिळून ३९,००० होतात. हे पॉलिसीत नोंदवलेलंच नाही, म्हणून त्याचा एक रुपयाही मिळणार नाही आणि आपण मागणारही नाही. उरले १,४७,०००. त्यात बॉनेट, फेंडर, रेडिएटर वगैरे धातूचं सामान ५८,००० चं आहे. गाडीला चार वर्षं होऊन गेलीत, म्हणून त्यावर ३५ टक्के घसारा (जुनेपणाची कपात), म्हणजे २०,३०० जातील. बंपर, ग्रिल, हेडलाइट ४४,००० चे. प्लास्टिकवर सरसकट ५० टक्के, म्हणजे २२,००० गेले. पुढची काच ९,००० ची, काचेवर घसारा नाही. मजुरी १६,००० पूर्ण मिळते. रंगकाम २०,००० चं, त्यातला पाव भाग मटेरियल धरतात आणि त्यावर निम्मा घसारा लावतात, म्हणजे २,५००. एकूण घसारा ४४,८००. तुमचं इंजिन १,५०० सीसीच्या वरचं असल्यानं मालकानं सक्तीनं सोसायचे २,००० आणखी वजा. हाती येतात १,००,२००. मोडकं सामान कंपनीनं भंगार म्हणून धरलं तर हजार-दोन हजार आणखी कमी होतील.

म्हणजे बावीस हजारांचा बोनस वाचवायला मेहुणे लाख रुपये सोडा म्हणताहेत. (गेल्या वर्षी झिरो डेपचे, म्हणजे घसारा न कापणाऱ्या जादा कव्हरचे पैसे वाचवले नसते, तर घसाऱ्याचे चव्वेचाळीस हजारही बरेचसे मिळाले असते. येत्या नोव्हेंबरात गाडीला पाच वर्षं होतील, तेव्हा कोणती कंपनी अजून झिरो डेप देते ते रिन्यूअलआधी विचारून ठेवा.)

आता जिथं आपली बाजू दुबळी आहे तेही स्पष्ट बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळच्या प्रकरणात हेच सांगितलं. समोरच्या गार्डबद्दल तर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला कळवलं होतं. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. बंपर आणि पुढचा पत्रा चुरगळून धडक पिऊन घेतो. गार्ड मात्र ती धडक सरळ चासीत नेतो, एअरबॅग उघडण्याची वेळही त्यामुळे चुकू शकते, आणि पायी चालणाऱ्याला त्याची लागलेली धडक जीवघेणी ठरते. कलम १८२ अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

त्यामुळे कंपनी दोन गोष्टी म्हणू शकते. एक, गार्डमुळे नुकसान वाढलं. दोन, न कळवता बदल केल्यानं पॉलिसीची अट मोडली. पहिल्यावर आपलं उत्तर असं की धडक रोही आडवं आल्यानं झाली, गार्ड किंवा टायर हे तिचं कारण नव्हतं. गार्डनं वाकवलेल्या एखाद्या भागाचे पैसे त्यांनी कापले तर तेवढं मान्य करावं, असं माझं मत आहे. दुसऱ्यावर, सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात अट मोडलेली असली तरी क्लेम पूर्ण नाकारता येत नाही असं सांगितलं होतं आणि अशा वेळी मंजूर होऊ शकणाऱ्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत देण्याच्या निकषाचा दाखला दिला होता. ते प्रकरण गाडी भाड्यानं वापरल्याचं होतं, बदलांचं नव्हतं, पण अट मोडली म्हणून सगळा क्लेम शून्य करू नये यासाठी त्याचा आधार घेता येतो. तुमच्या आकड्याचे ७५ टक्के मिळाले, तर ७५,१५०. बोनसचे बावीस हजार वजा करूनही त्रेपन्न हजार हातात राहतात.

आज एक अर्ज लिहा आणि क्लेम नंबर टाकून कंपनीला मेल करा. भाषा साधी ठेवा: 'गाडीला समोर गार्ड, लाइटबार आणि चार अलॉय व टायर मी खरेदीनंतर बसवले आहेत. ते पॉलिसीत नोंदवलेले नाहीत. या वस्तूंची भरपाई मी मागत नाही. गाडी अपघातानंतर होती त्याच स्थितीत आहे, कृपया सर्व्हे करावा.' सोबत जागेवरचे सगळे फोटो जोडा. रावेर पोलिस ठाण्यात घटनेचा अर्ज देऊन शिक्क्याची प्रत घ्या. कोणाला इजा नसल्यानं एफआयआर सहसा मागत नाहीत, पण एवढ्या मोठ्या नुकसानीला ही प्रत उपयोगी पडते. सर्व्हेच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि विचारेल तेवढंच खरं सांगा. गॅरेजवाल्याला तुमच्या वतीनं बोलू देऊ नका.

गाडी आत्ता ज्या गॅरेजात आहे तिथं कॅशलेस नाही. म्हणजे १,४७,००० आधी तुम्ही भरायचे आणि नंतर कंपनीकडून यायची वाट बघायची. पोतीचा विषय निघतोय तो इथूनच. कंपनीला विचारून गाडी जळगावच्या कॅशलेस वर्कशॉपमध्ये न्या. टोइंगचे १,५०० रुपयांपर्यंत पॉलिसी देते, वरचे दोन-तीन हजार तुमचे. तिथलं एस्टिमेट थोडं वरखाली होईल, पण तुम्हाला फक्त तुमचा हिस्सा भरावा लागेल.

तो हिस्साही खाली आणता येतो. कंपनीची मूळ चारही चाकं शेडमध्ये पडून आहेत, असं तुम्ही लिहिलंय. तीच लावा. टायर जुने झाले असतील तर आधी दाखवून घ्या. गार्ड आणि लाइटबार परत चढवू नका. हौस मला कळते, भाऊ, रात्री-बेरात्री बागेतून येताना समोर लख्ख उजेड हवासा वाटतो हेही कळतं. पण लेक त्याच गाडीत पुढच्या सीटवर बसते. उरलेले तीन अलॉय विकून जे येईल ते या खर्चात घाला. ३९,००० चा खर्च असा मुळातच उरत नाही. तुमच्या खिशातून जातात सुमारे ४७,००० आणि टोइंगचे वरचे पैसे, म्हणजे पन्नास हजार धरा.

हे पन्नास हजार एफडी न मोडता एफडीच्या तारणावर घ्या. व्याज ९ टक्के पडलं तरी महिन्याला ३७५ रुपये होतात. एप्रिलमध्ये कटाई सुरू झाली की केळीच्या पहिल्या गाडीच्या पैशातून ते फेडा, जूनच्या आत एफडी मोकळी होईल. पोत वहिनींच्या गळ्यातच राहू द्या.

कंपनीनं नकार दिला किंवा फार कापलं, तर कारण लेखी मागा आणि सर्व्हे रिपोर्टची प्रतही मागा. आधी कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जायचं. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारापासून वर्षभराची मुदत असते. विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाकता येते.

सर्व्हे झाला की असेसमेंटचा, म्हणजे मंजूर रकमेच्या हिशेबाचा कागद मला पाठवा. घसाऱ्याच्या रकान्यात काचेवर किंवा मजुरीवर काही कापलेलं दिसलं, तर सही करायच्या आधी फोन करा.