सर, तुम्ही मला रणगाडा म्हणालात

प्रश्न : नमस्कार ताई. मी तालुक्याच्या गावात मुलींना कबड्डी शिकवतो, अकरा वर्षं झाली, सध्या सबज्युनिअरची टीम आहे. आमची राईट कॉर्नर म्हणजे भिंत, एकदा घोटा धरला की रेडर सुटत नाही. निवडचाचणीआधी वजन करताना तिचा काटा ५५ किलोच्या वर गेला तेव्हा मी हसत म्हणालो, रणगाडा झालाय आपला. सगळ्या हसल्या, तीपण हसली. पण त्यानंतर आठ दिवस आलीच नाही, आई म्हणते रात्रीची जेवत नाही. माझ्या मनात वाईट काही नव्हतं हो. आमचे सर तर आम्हाला शिट्टीच्या दोरीने मारायचे. आता मुलींशी काही बोलायचंच नाही का?

उत्तर : बोलायचं की सर, भरपूर बोलायचं. पण ती हसली यावर जाऊ नका, चौदा जणी हसत असताना पोरगी दुसरं काय करणार? मीपण हसायचे. मला एक कोच ‘पोतं’ म्हणायचे, तीस वर्षं होऊन गेली, त्यांनी शिकवलेलं निम्मं विसरले पण पोतं काही विसरले नाही.

वजनाचा नियम तुम्ही केलेला नाही हे मान्य, सबज्युनिअर मुलींना ५५, ज्युनिअरला ६५, सिनिअरला ७५ किलो, काटा बघावाच लागतो. पण तो एकेकीचा बघा, बाईंना बोलवा, आणि आकडा वहीत लिहा, मैदानात नको. चौदा-पंधराव्या वर्षी वजन वाढणारच हो, वाढीचं वय आहे ते. काटा वर गेला तर तिला सरळ ज्युनिअरमध्ये खेळवा पण उपाशी ठेवून खाली आणायच्या भानगडीत पडू नका, घोटा धरायला ताकद कुठून येणार मग?

आणि आजच तिच्या घरी जा. आईसमोर म्हणा, मी चुकलो. पुढे ‘गंमत केली गं’ जोडू नका, ते जोडलं की माफी परत खिशात घातल्यासारखं होतं. टोमणा सगळ्यांसमोर मारला होतात, तर ती परत आली की चूकपण सगळ्यांसमोर कबूल करा.

आता ओरडण्याचं. मुलींशी मऊच बोलायचं असं मी अजिबात म्हणणार नाही, मॅटच्या बाहेरून कुजबुजलं तर ऐकू कोणाला येणार! पण ओरडून सांगताय काय ते बघा. मागे एका मॅचला बघितलं, टाइमआउट असतो ३० सेकंदांचा, त्यातले वीस गेले ‘खेळायचंय की घरी जाऊन भाकऱ्या थापायच्यात’ यात, पोरी खाली मान घालून पाणी पितायत, आणि समोरची रेडर लागोपाठ तीनदा डावीकडून बोनस पॉइंट नेऊन गेली होती ते सांगायचं राहूनच गेलं. तेवढ्या वेळात ‘लेफ्ट कॉर्नर, घाई करतेयस, ती वळली की मगच हात घाल’ असं कितीही मोठ्याने ओरडला असतात तरी पोरगी रुसली नसती, कारण त्यात तिला करायला काहीतरी मिळालं असतं. चूक पकडीची काढा, पोरीची नको. ‘मर्दासारखी खेळ’ तर बंदच करा, ती मुलींच्या मॅचमध्ये मुलींविरुद्ध खेळतेय.

३० ऑक्टोबर २०२५ ची महिला क्रिकेट वर्ल्ड कपची नवी मुंबईतली सेमीफायनल आठवते ना, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चं टार्गेट होतं. त्या मॅचला आपल्या टीमचे कोच अमोल मुजुमदारांनी ड्रेसिंग रूममधल्या बोर्डवर लिहिलं होतं की फायनलला जायला त्यांच्यापेक्षा फक्त एक रन जास्त हवी. भाषण नाही, इज्जतीचा सवाल वगैरे काही नाही. जेमिमा रॉड्रिग्ज १२७ वर नाबाद राहिली, आणि नंतर तिनेच सांगितलं की स्पर्धेत ती एंग्झायटीमुळे कितीदा रडली होती. तेव्हा तुमच्या टीममधली एखादी रडली तर पाणी द्या, दोन मिनिटं थांबा आणि परत रेडला पाठवा.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. कोणाची ‘अडचण’ असेल तर चौकशी तुम्ही करायची नाही, कॅप्टनने सांगितलं की आज हिचा डाइव्हचा सराव नाही, विषय संपला. पकड दाखवायची तर दोन मुलींनाच उभं करून दाखवा, हात लावायची वेळ आलीच तर आधी विचारा. आणि रात्री दहाला पर्सनल मेसेज नकोत, पालक असलेल्या ग्रुपवर टाका.

प्रश्न : ताई, मी खो-खो खेळते, नववीत आहे. आमचे सर मुलांकडून पोल डाइव्ह, म्हणजे खांबापाशी झेप घेऊन गडी बाद करणं, दहा-दहा वेळा करून घेतात, आम्हाला नुसतं ‘छान गं बाळांनो’. ओरडत नाहीत पण शिकवतपण नाहीत. काय करू?

उत्तर : हे तर ओरडण्यापेक्षा वाईट गं. सर वाईट नसतील, त्यांना वाटत असेल पोरींना लागेल. प्रॅक्टिस संपली की रोज एकच विचार, सर, आज माझं काय चुकलं? ‘काही नाही’ म्हणाले तर म्हण, पोलजवळ माझं पाऊल कुठे पडलं ते बघाल का? नेमकं विचारलं की नेमकंच उत्तर द्यावं लागतं. त्यांना आठवण करून दे, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्ड कप आपल्या प्रियांका इंगळेच्या कॅप्टनशिपखाली मुलींनी जिंकला, फायनलला नेपाळविरुद्ध ७८-४०. ‘छान छान’वर होत नाही ते. आणि मातीवर डाइव्ह मारणार असशील तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, कोपरं सोलून निघतात.