ज्याँ-लुई त्रँतिन्याँ यांच्या अभिनयात एवढे काय आहे?

आपण विचारले आहे की, 'झेड' आणि 'अमूर' हे दोन चित्रपट पाहूनही फ्रेंच अभिनेते ज्याँ-लुई त्रँतिन्याँ यांना एवढे मोठे नट का मानतात हे कळले नाही. चेहरा फारसा हलत नाही, आवाज चढत नाही, मग अभिनय आहे कुठे? आपण जे उणे म्हणून नोंदवले आहे त्याचसाठी मी गेली अनेक वर्षे त्यांचे चित्रपट शोधून पाहत आलो आहे, त्यामुळे हे उत्तर तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्यांचा जन्म ११ डिसेंबर १९३० रोजी दक्षिण फ्रान्समधील पियोलाँक या गावी झाला. वडील कारखानदार होते आणि घराण्यात मोटारींच्या शर्यतींचे वेड होते. एक काका, लुई, १९३३ मध्ये शर्यतीच्या सरावात मरण पावले. दुसरे काका, मोरिस, यांनी मोनॅकोची ग्रां प्री १९५५ आणि १९५८ अशी दोनदा जिंकली. ज्याँ-लुई मात्र एक्स-आँ-प्रोव्हाँस येथे कायदा शिकायला गेले. तेथे त्यांनी नाटककार मोलिएरच्या कंजुषाच्या भूमिकेत नट शार्ल द्युलँ यांना पाहिले, कायदा सोडला आणि विशीत पॅरिस गाठून द्युलँ व तानिया बालाशोवा यांच्याकडे नाट्यशिक्षण घेतले. बोलण्यात दक्षिणी हेल होता आणि स्वभाव इतका बुजरा की लोकांसमोर उभे राहणे हीच परीक्षा. हा बुजरेपणा त्यांनी पुढे घालवला असे मला वाटत नाही. त्यांनी तो कामाला लावला.

प्रसिद्धी मात्र भलत्याच वाटेने आली. १९५६ मध्ये रोजे वादीम यांच्या चित्रपटात ते ब्रिजित बार्दोचे नायक झाले. बार्दो तेव्हा वादीम यांची पत्नी होती आणि चित्रीकरणाच्या काळात जुळलेल्या प्रेमामुळे त्रँतिन्याँ यांचे नाव अभिनयापेक्षा गावगप्पांतच अधिक गाजले. त्यानंतर सक्तीच्या लष्करी सेवेमुळे ते दीर्घकाळ पडद्यापासून दूर राहिले.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर १९६२ च्या 'इल सोर्पासो' या इटालियन चित्रपटात आहे. ऐन ऑगस्टच्या सुट्टीत ओस पडलेल्या रोममध्ये कायद्याचा एक लाजाळू विद्यार्थी परीक्षेसाठी पुस्तके उघडून बसला आहे आणि एक अनोळखी, बडबड्या, बेफिकीर माणूस त्याला आपल्या उघड्या मोटारीत घालून दोन दिवस भटकवतो. तो बडबड्या म्हणजे विट्टोरियो गासमान, आणि दिग्दर्शक दिनो रिझी यांनी सारा दारूगोळा त्यांच्याच हाती दिला आहे. त्रँतिन्याँ शेजारच्या आसनावर बसून ऐकतात, संकोचतात, मनात निषेध करतात आणि हळूहळू त्या माणसाच्या मोहात पडतात. गासमान यांचा प्रत्येक विनोद आपल्यापर्यंत या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरून वळसा घेऊन येतो. तो चेहरा काढून टाकला तर उरेल तो निव्वळ आरडाओरडा. गंमत म्हणजे इटालियन आवृत्तीत त्यांचा आवाजही त्यांचा नाही, तो दुसऱ्या नटाने दिलेला आहे. आवाज हे ज्याचे सर्वांत मोठे धन, त्या नटाने ते घरी ठेवून केलेली ही भूमिका आहे. पुढे १९६८ मध्ये सेर्जो कोर्बुची यांच्या बर्फातल्या वेस्टर्नपटात तर ते चक्क मुक्या बंदूकबाजाच्या भूमिकेत आले.

१९६६ ते १९७० ही पाच वर्षे कोणत्याही नटाला हेवा वाटावा अशी आहेत. क्लोद ललूश यांच्या 'अँनॉम ए युन फाम' (एक पुरुष, एक स्त्री) या चित्रपटाला फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळाला आणि दोन ऑस्करही. त्यात ते शर्यतीचे मोटारचालक आहेत, अर्थात ही भूमिका घरचीच. प्रेयसीची तार आल्यावर ते रात्रभर गाडी हाकत निघतात आणि भेटल्यावर काय बोलायचे याची स्वतःशीच उजळणी करतात, तो प्रसंग मला चित्रपटाच्या गाजलेल्या संगीताहूनही अधिक आवडतो. एरिक रोमेर यांनी 'मा न्युई शे मोद' (मोदकडची माझी रात्र) या चित्रपटासाठी त्यांच्या तारखा मिळेनात म्हणून वर्षभर वाट पाहिली, कारण कथा नाताळात घडते आणि नाताळ वर्षातून एकदाच येतो. एक श्रद्धाळू कॅथलिक इंजिनिअर एका बुद्धिमान, मोकळ्या स्त्रीच्या घरी रात्रभर पास्काल या तत्त्वज्ञावर वाद घालतो, एवढीच गोष्ट. पण हा गृहस्थ आपल्या तत्त्वांमागे किती लपतो आहे, हे त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या बसण्यातून अधिक कळते.

'झेड'मधील तपास दंडाधिकारी आपण पाहिलाच आहे. तो राजकीय हत्येचा तपास करतो. 'झेड' ज्या कादंबरीवर बेतला आहे त्याच कादंबरीवरून दिबाकर बॅनर्जी यांनी २०१२ मध्ये 'शांघाय' केला, त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांना तो ओळखीचा वाटेल. शेवटाकडे पदकांनी मढलेले अधिकारी एकामागून एक त्याच्या खोलीत येतात आणि तो प्रत्येकाला एकाच सपाट सुरात नाव आणि व्यवसाय विचारतो. दंडाधिकाऱ्याने येथे टेबलावर मूठ आपटली असती तर प्रेक्षागृहात टाळ्या पडल्या असत्या आणि प्रसंग मेला असता. सूर बदलत नाही म्हणूनच त्या अधिकाऱ्यांचा तोरा हास्यास्पद ठरतो. या भूमिकेसाठी त्यांना १९६९ मध्ये कान येथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पाठोपाठ इटालियन दिग्दर्शक बेर्तोलुची यांचा 'इल कॉन्फॉर्मिस्ता' आला. त्यात ज्या स्त्रीवर नायकाचे मन जडले आहे तीच जीव वाचवण्यासाठी मोटारीची काच बडवत असते, आणि आत बसलेला हा फॅसिस्ट हस्तक तिच्याकडे नुसता पाहतो. भ्याडपणाचे याहून भयंकर चित्र माझ्या पाहण्यात नाही. त्याच चित्रीकरणाच्या दिवसांत रोममध्ये त्यांची तान्ही मुलगी दगावली होती.

सत्तरच्या दशकात त्यांनी पुष्कळ कामे केली, दोन चित्रपट दिग्दर्शित केले आणि १९८० मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीतही उतरले; त्यांतल्या सगळ्याच चित्रपटांची शिफारस मी करणार नाही. १९९४ चा दिग्दर्शक किशलोव्स्की यांचा 'रूज' (लाल) मात्र चुकवू नये. जिनिव्हात एकटा राहणारा निवृत्त न्यायाधीश शेजाऱ्यांची दूरध्वनीवरील संभाषणे चोरून ऐकतो. आयुष्यभर ऐकण्याचा अभिनय करणाऱ्या नटाला शेवटी ऐकणे हाच ज्याचा गुन्हा आहे असे पात्र मिळावे, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

२००३ मध्ये त्यांची अभिनेत्री मुलगी मारी व्हिल्नियस येथे आपल्या जोडीदाराच्या मारहाणीत मृत्युमुखी पडली. बापलेकींनी रंगमंचावर आपोलिनेरच्या कवितांचे वाचन एकत्र केले होते. मुलीच्या मृत्यूनंतर ते चित्रपटांपासून जवळजवळ दूरच राहिले. कवितावाचन मात्र चालू राहिले. प्रेव्हेर, व्हियाँ आणि देस्नोस यांच्या कविता ते म्हणत. दक्षिणेत उझेसच्या परिसरात त्यांचे घर होते आणि द्राक्षमळ्यात भागीदारी होती.

दिग्दर्शक मिशाएल हानेके यांनी 'अमूर'मधील जॉर्ज, म्हणजे आजारी पत्नीची शुश्रूषा करणारा वृद्ध पती, त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिला. तो चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा एक प्रसंग ध्यानपूर्वक ऐका. अंथरुणाला खिळलेली पत्नी वेदनेने ओरडत असते आणि जॉर्ज तिचा हात कुरवाळत बालपणीच्या एका शिबिराची आठवण सांगू लागतो: आवडले तर पोस्टकार्डावर फुले काढायची, नाही आवडले तर तारे, असे आईशी ठरले होते आणि त्याने सगळे कार्ड ताऱ्यांनी भरून टाकले. गोष्ट ऐकता ऐकता ती शांत होते, आपणही होतो, आणि मग तो उशी उचलतो. गोष्ट सांगताना आवाजात पुढच्या कृतीची चाहूलही नाही. ती असती तर तो खून झाला असता. नाही, म्हणून आपण त्याला नेमके काय म्हणावे हे ठरवता येत नाही.

या भूमिकेसाठी २०१३ मध्ये त्यांना सेझार हा फ्रान्सचा चित्रपट पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये ललूश यांनी त्यांना आणि 'अँनॉम ए युन फाम'च्या नायिका आनूक एमे यांना त्याच जुन्या प्रेमकथेच्या शेवटच्या भागात पुन्हा एकत्र आणले, आणि १७ जून २०२२ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, ते गेले. आपण पुढचा चित्रपट निवडणार असाल तर 'इल सोर्पासो'पासून सुरुवात करावी, आणि गासमान बोलत असताना दृष्टी शेजारच्या आसनावर ठेवावी.