ओढ्याच्या पाण्याची एच-टू-एस बाटली दर वेळी काळी होते, मग तपासायचं तरी काय?

गावाला ओढ्यावरच्या बंधाऱ्यातून नळाने पाणी येतं आणि बंधाऱ्याचं पाणी भरलेली एच-टू-एस बाटली (पाण्यात विष्ठेतले जंतू असले की काळी होणारी तपासणीची बाटली) दर वेळी काळी होते, असं तुम्ही लिहिलंय. बाटली बरोबरच सांगतेय. ज्या पाण्यात गुरं उतरतात आणि शिवारातली घाण वाहून येते, त्याची बाटली पावसाळ्यात काळी होणारच. त्यातून ही बाटली दूषित आहे की नाही एवढंच सांगते, किती दूषित ते सांगत नाही. म्हणून खरी तपासणी टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकल्यानंतर, टाकीवर आणि सगळ्यात लांबच्या नळाला करा.

त्याआधी गढूळपणा बघा. गाळ असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं आणि गाळाच्या कणांआड जंतू वाचतात. तुरटी किती लागेल हे गावातच काढता येतं. 10 ग्रॅम तुरटीची पूड 1 लिटर पाण्यात विरघळवा. पाच पारदर्शक बरण्यांत बंधाऱ्याचं पाणी एकेक लिटर घ्या आणि त्यांत हे द्रावण 1, 2, 3, 4, 5 मिली असं चढत घाला. मिनिटभर जोरात ढवळा, मग दहा-पंधरा मिनिटं अगदी सावकाश. आधी मोहरीएवढ्या गुठळ्या दिसू लागतात, मग त्या तळाला बसतात. अर्ध्या तासाने ज्या सगळ्यात कमी मात्रेला पाणी नितळ झालं ती तुमची मात्रा; 3 मिली म्हणजे हजार लिटरला 30 ग्रॅम. मोठा पाऊस झाला की हे पुन्हा करा, कालची मात्रा आज चालत नाही.

नितळ पाण्याला हजार लिटरमागे 5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे 50,000 लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. मग शेवटच्या नळाला ओटी टेस्ट करा (ऑर्थोटोलिडीन हे रसायन घातलं की क्लोरीनचं पाणी पिवळं होतं). रंग लगेच वाचा. उशीर केला तर पिवळा गडद होत जातो आणि क्लोरीन आहे त्याहून जास्त दिसतं. तिथे निदान 0.2 पीपीएम (लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम) क्लोरीन हवंच. मात्रा बरोबर असूनही रंग येत नसेल, तर बहुतेक वेळा दोष उघड्या पोत्यातल्या, दमट झालेल्या टीसीएलचा असतो. तपासलेलं पाणी टाकून द्या, ओटीचं रसायन पोटात जाऊ नये.

एच-टू-एस बाटलीच्या दोन चुका नेहमी होतात. क्लोरीनचं पाणी, त्यातलं क्लोरीन न मारता, थेट घातलं तर क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतं. आणि थंडीत बाटली गार राहिली तर जंतू नीट वाढत नाहीत, खराब पाणीही चांगलं भासतं. ती घोंगडीत गुंडाळून उबेला ठेवा आणि 24 तासांत काळी झाली नाही तर 48 तासांपर्यंत वाट बघा.

नायट्रेट, फ्लोराइडसाठी नमुना उपविभागीय प्रयोगशाळेत द्या. त्या नमुन्याची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. जंतू तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र अजिबात विसळू नका, आत क्लोरीन मारणारं औषध असतं. ती बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोचवा.