कॅरीबॅगा इस्त्रीने चिकटवून बाजाराची पिशवी करतोय, पण भोकं पडतात. काय चुकतंय?

थर कमी पडतायत, नाहीतर इस्त्री जास्त तापतेय. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत भाजीला मिळतात तसल्या कुरकुरीत पातळ पिशव्या साधारण १३० अंशांच्या आसपास वितळतात. दोन-तीन थर लगेच आकसून फाटतात, सहा ते आठ घ्या. पिशवीचे धरायचे बंद आणि खालची शिवण कापून टाका, छापील बाजू आत ठेवा, नाहीतर शाई कागदाला लागते. वर-खाली बटर पेपर, वाफ बंद, इस्त्री पॉलिस्टरच्या खुणेवर. दर बाजूला १०-१५ सेकंद फिरवत राहा, एका जागी थांबलात की तिथंच भोक. उचलण्याआधी गार होऊ द्या, गरम ओढली की कड वळते. पावसाळ्यात पिशव्या आतून ओल्या राहतात, त्यानं फुगे येतात, पंख्याखाली पूर्ण वाळवा. शिवताना टाका ३-४ मिलिमीटरचा, बारीक टाक्यानं तिकिटासारखं फाटतं. टाचणी नको, चिमटे लावा. कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या यात मिसळू नका, त्या पॉलिप्रॉपिलीन या वेगळ्या प्लास्टिकच्या, जास्त उष्णता मागतात. खिडकी मात्र उघडी ठेवा. आणि ही पिशवी कांदे-बटाट्याला ठीक, पण रोज उन्हात टांगली तर काही महिन्यांत तडकते.